१६ दिवसांच्या भाच्याची महाधमनी अरुंद आहे. औषधाने पाय गरम झाले असताना शस्त्रक्रिया आवश्यक आहे का?

प्रश्न : नंदगडचा मामा

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, खानापूर तालुक्यातील आमच्या घरी आली होती; तिचे सासर निपाणीजवळ आहे. बाळ पूर्ण दिवसांचे झाले, वजन २ किलो ८०० ग्रॅम भरले आणि तिसऱ्या दिवशी मायलेकरांना घरी सोडण्यात आले. नवव्या दिवसापासून बाळ दूध ओढताना मध्येच थांबू लागले आणि त्याच्या कपाळावर घाम येऊ लागला. पावसाळी हवेने थंडी बाधली असावी, असे समजून घरातल्या बायकांनी शेक आणि धुरी वाढवली. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या आजींनी मात्र दहाव्या दिवशी स्पष्ट सांगितले, की पोराचे हात गरम आहेत आणि पाय गार पडलेत, हे काही मला बरे दिसत नाही. आम्ही त्याच दिवशी ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सर्दीचे औषध देऊन परत पाठवले. बाराव्या दिवशी पहाटे बाळ निपचित पडले, रात्रभर लघवी झालेली नव्हती, आणि आम्ही त्याला तसेच उचलून बेळगावला आणले.

येथे टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून महाधमनीत जन्मजात अरुंद जागा असल्याचे, म्हणजे कोआर्क्टेशन असल्याचे निदान झाले. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाची धार सुरू केल्यावर काही तासांत पाय गरम झाले, लघवी सुटली आणि बाळाने डोळे उघडले. आज चौथा दिवस आहे. आता डॉक्टर म्हणतात, की दोन दिवसांत छातीच्या डाव्या बाजूने शस्त्रक्रिया करावी लागेल. माझे भाऊजी आणि त्यांचे आईवडील यांचे म्हणणे असे, की औषधाने गुण आला आहे, तर तेच चालू ठेवावे; फार तर फुग्याने अरुंद जागा मोठी करून घ्यावी, पण एवढ्याशा जिवाची छाती उघडू नये. संमतीपत्रात पायांतील शक्ती जाण्याचा धोका लिहिलेला पाहून बहीण फार घाबरली आहे. बाळ अत्यवस्थ होते त्या रात्री शस्त्रक्रिया केली नाही आणि आता बरे दिसत असताना घाई का, हेही आम्हाला उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, निपाणी परिसर

मी आपल्या भाच्याला तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम शब्द त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. तरीही पाय गरम होणे ही नेमकी कशाची खूण आहे, हे घरातील सर्वांना समजले, तर सहीचा निर्णय सोपा होईल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करत नसतात. त्यामुळे फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड जोडवाहिनीतून थेट महाधमनीत वळते. या वाहिनीला डक्टस म्हणतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ती आकसून बंद होते. आपल्या भाच्यासारख्या बाळांमध्ये डक्टसच्या आकसणाऱ्या ऊती शेजारच्या महाधमनीच्या भिंतीतही पसरलेल्या असतात, त्यामुळे डक्टस मिटताना महाधमनीलाही आवळत नेते. ही जागा महाधमनीतून डाव्या हाताची धमनी निघाल्यानंतर लगेच येते. डोके आणि हात यांना रक्त त्या जागेच्या अलीकडे मिळते, तर आतडी, मूत्रपिंडे आणि पाय यांना पलीकडे. हात गरम, पाय गार आणि लघवी बंद, ही तिन्ही लक्षणे या एकाच कारणाची आहेत. न्हाऊ घालणाऱ्या आजींना जे हाताला जाणवले, तेच आम्ही जांघेतील नाडी चाचपून शोधतो. त्या आजींचे आभार माना.

प्रोस्टाग्लँडिन हे औषध मिटू लागलेला डक्टस पुन्हा उघडते. मुख्य पाटाची मोरी बुजली असताना शेजारच्या ओढ्यातून चर काढून खालच्या उसापुरते पाणी फिरवावे, तसे हे आहे. ऊस वाळत नाही, पण मोरी बुजलेलीच राहते. शिवाय ओढ्याचे पाणी पाटाइतके स्वच्छ नसते, म्हणजे डक्टसमधून पायांकडे जाणारे रक्त फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले नसते. उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिमीटर लावला, तर पायाचा आकडा कमी दिसतो तो यामुळेच. तो दोष यंत्राचा नव्हे. हे औषध शिरेतून अखंड द्यावे लागते, त्याने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, ताप येतो, रक्तदाब उतरतो. धार बंद पडली, की डक्टस पुन्हा मिटू लागतो आणि बाराव्या दिवसाची पहाट पुन्हा उगवते. हे औषध घेऊन बाळ घरी जाऊ शकत नाही. शस्त्रक्रियेपर्यंतचा वेळ मिळवून देणे एवढेच त्याचे काम आहे, आणि ते त्याने उत्तम केले आहे.

त्या रात्री शस्त्रक्रिया का केली नाही, याचे उत्तरही यातच आहे. रक्त न मिळाल्याने मूत्रपिंडे थकलेली असतात, रक्तात आम्ल साचलेले असते आणि वाढलेल्या दाबाविरुद्ध झगडून हृदयाचा डावा कप्पा दमलेला असतो. अशा बाळाला भूल देणे धोक्याचे ठरते. म्हणून दोन-चार दिवस थांबून लघवी, रक्तचाचण्या आणि हृदयाचे आकुंचन सुधारू द्यावे लागते. आपले डॉक्टर ज्या दिवसांची वाट पाहत होते, ते हेच दिवस आहेत.

फुग्याविषयी लिहितो, कारण हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते. फुग्याने ताणलेली जागा मोठ्या मुलांत बऱ्यापैकी टिकते. नवजात बाळात मात्र तीच आकसणारी ऊती तेथे शिल्लक असल्याने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जागा पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. भिंत ताणली गेल्याने पुढे तेथे फुगवटा येऊ शकतो, आणि एवढ्या लहान बाळाच्या जांघेतील धमनीतून नळी नेताना त्या धमनीलाही इजा होऊ शकते. स्टेंट, म्हणजे जागा उघडी धरणारी जाळीदार नळी, बसवावा, तर तो बाळाबरोबर वाढत नाही. शस्त्रक्रिया सोसवणारच नाही इतके बाळ अत्यवस्थ असेल, तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून फुगा वापरतात. आपल्या भाच्याची आजची स्थिती तशी दिसत नाही.

शस्त्रक्रियेत डाव्या कुशीवर बरगड्यांच्या मधून आत जातात, फुप्फुस हलकेच बाजूला धरतात आणि महाधमनीला अरुंद जागेच्या वर-खाली चिमटे लावतात. डक्टस बांधून तोडतात, अरुंद भाग त्या ऊतींसह कापून काढतात आणि खालचे टोक वर आणून महाधमनीच्या कमानीच्या, म्हणजे तिच्या वरच्या वळणदार भागाच्या, खालच्या अंगाला तिरपे, रुंद तोंड करून शिवतात. जोड रुंद ठेवण्याचा हेतू हा, की शिवण पुढे वर्तुळासारखी आवळू नये. नुसती अरुंद जागा असेल, तर हृदय थांबवावे लागत नाही आणि हृदय-फुप्फुसांचे काम करणारे हार्ट-लंग मशीनही लागत नाही. चिमटे साधारणपणे १५ ते २५ मिनिटे असतात. तेवढा वेळ पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला रक्त कमी मिळते, म्हणून पायांतील शक्ती जाण्याचा धोका संमतीपत्रात लिहावाच लागतो. तान्ह्या बाळांत तो फार क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी वेळा उद्भवतो, आणि तो आणखी कमी व्हावा म्हणून त्या वेळी बाळाचे तापमान मुद्दाम थोडे उतरू देतात. अनुभवी केंद्रांत इतर दोष नसलेल्या बाळांच्या या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन इतके असते. शस्त्रक्रिया न करता औषध थांबवले, तर आपल्या भाच्याचे काय होईल, हे आपण एकदा पाहिलेच आहे.

शस्त्रक्रिया नवी आहे, असेही समजू नका. स्वीडनमधील क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी १९४४ साली स्टॉकहोममध्ये अरुंद भाग काढून महाधमनी प्रथम जोडली. तान्ह्या बाळांसाठी खरा बदल मात्र १९७० च्या दशकात प्रोस्टाग्लँडिन आल्यावर झाला, कारण त्यापूर्वी अशा बाळांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत धड अवस्थेत पोहोचवणेच कठीण होते.

शल्यचिकित्सकांना दोन गोष्टी अवश्य विचारा. पहिली, महाधमनीची कमानही अरुंद आहे काय? तसे असेल, तर छातीच्या मधून आणि मशीनच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करावी लागते आणि वर दिलेले आकडे तिला लागू होत नाहीत. दुसरी, हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला छिद्र आहे काय आणि महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची आहे काय? कोआर्क्टेशन असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत झडप दोन पाकळ्यांची असते. तिचा त्रास आज नसला, तरी तिच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते.

पहिल्या तपासणीत काही आढळले नाही, याचा राग येणे स्वाभाविक आहे. तिसऱ्या दिवशी डक्टस उघडा असल्यास जांघेतील नाडी चांगली लागते आणि हा दोष लपून राहतो. ऑक्सिमीटरच्या चाचणीतूनही तो पुष्कळदा निसटतो. दहाव्या दिवशी मात्र, दूध पिताना घाम येणाऱ्या बाळाची जांघ चाचपायलाच हवी होती. हे मी माझ्या व्यवसायबंधूंसाठीही लिहीत आहे.

उत्तर : चिकोडी तालुक्यातील एक आई

मामा, तुमच्या बहिणीला हे वाचून दाखवा. माझ्या मुलाची हीच शस्त्रक्रिया तो २१ दिवसांचा असताना झाली. आज तो सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो आणि घरामागच्या शेतात दिवसभर पळतो. त्याच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली एक तिरकी रेघ राहिली आहे, एवढेच काय ते दिसते.

सगळे सरळ झाले, असे मात्र मी सांगणार नाही. पाचव्या दिवशी माझे दूध नळीतून सुरू केले आणि छातीतल्या नळीतून येणारे पाणी पांढरट झाले. महाधमनीच्या जवळून स्निग्ध रस वाहून नेणारी एक बारीक नलिका जाते, तिला धक्का लागला की असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले. माझे दूध थांबवून त्याला वेगळ्या प्रकारच्या स्निग्धांशाचे विशेष दूध दिले आणि आमचा मुक्काम १२ दिवसांनी वाढला. त्या बारा दिवसांत माझ्या दुधाने त्याला अपाय झाला या विचाराने मी खचले होते. तसे काही नसते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते, म्हणून तुमच्या बहिणीला मी आज सांगते. त्याचा आवाजही बसला होता. रडायचा, तर मांजराचे पिल्लू रडल्यासारखे वाटायचे. स्वरयंत्राची नस त्याच ठिकाणी महाधमनीला वळसा घालून जाते. त्याचा आवाज चार महिन्यांत सुधारला.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. घरी आल्यावर आम्हाला वाटले, की संपले. ज्या दवाखान्यात आम्ही लसीकरणासाठी आणि सर्दी-खोकल्यासाठी नेत होतो, तेथे त्याचे वजन होत असे, छाती तपासली जात असे, पण पायाचा रक्तदाब कोणीही कधी घेतला नाही आणि तो घ्यायचा असतो, हे आम्हालाही नीट उमगले नव्हते. पाचव्या महिन्यात दूध पिणे मंदावले म्हणून आम्ही शस्त्रक्रिया केलेल्या ठिकाणी गेलो, तेव्हा उजव्या हाताचा दाब पायापेक्षा ३४ ने अधिक निघाला. जोडाची जागा पुन्हा अरुंद झाली होती. त्या वेळी फुग्याने काम झाले, दोन दिवसांत घरी आलो आणि त्यानंतर आजवर अडचण आलेली नाही. तुमच्या भाऊजींना फुगा हवा आहे ना, त्यांना सांगा, की त्याची वेळ आली तर ती नंतर येते.

उत्तर : निवृत्त परिचारिका, टिळकवाडी

मी अतिदक्षता विभागात बरीच वर्षे काम केले आहे. वैद्यकीय भाग वर आलाच आहे. मी बाळाच्या आईबद्दल लिहिते, कारण मामांच्या पत्रात ती कोठे आहे, हे मला सापडले नाही. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये म्हणून तिला गावी ठेवले असेल, तर कृपया आजच बेळगावला घेऊन या. तिने दर तीन तासांनी, रात्रीही, दूध काढले पाहिजे, अन्यथा बाळ पिण्याजोगे होईपर्यंत तिचे दूध आटून गेलेले असेल. दूध साठवण्याची सोय आणि स्वच्छ बाटल्या विभागातील सिस्टर देतील. नळ्या लागलेल्या असतानाही तिला हात धुऊन बाळाच्या डोक्यावर हात ठेवू देतात. तिने तसे स्वतःहून विचारावे.

शस्त्रक्रियेनंतर बाळाचा रक्तदाब खाली येण्याऐवजी दोन-तीन दिवस वाढलेला दिसेल. अरुंद जागेमुळे शरीराला वरच्या दाबाची सवय झालेली असते आणि ती एकदम मोडत नाही. त्यासाठी औषधाची धार लावली, तर काही बिघडले असे समजू नका. दूधही लगेच देत नाहीत, कारण आतड्यांना एकाएकी पूर्ण रक्त मिळू लागलेले असते. ती सावरू द्यावी लागतात. घरी आल्यावर काखांत हात घालून बाळाला उचलायचे नाही. एक हात मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घालून उचलायचे, आणि न्हाऊ घालणाऱ्या आजींनाही हे आधी दाखवून ठेवायचे. टाके भरेपर्यंत डाव्या कुशीला मालीश नको.

संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल. ते मराठीत समजावून सांगा, असे नि:संकोच म्हणा. बेळगावच्या रुग्णालयांत दोन्ही भाषा बोलणारा कोणी ना कोणी सापडतोच. समजल्याशिवाय कोणी सही करू नये. पण समजून घेण्यासाठी दोन दिवस घालवूही नये.

उत्तर : खर्चाविषयी, खानापूरहून

खर्चाचे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. बीपीएल रेशन कार्ड असेल, तर आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला आजच भेटा. बाळाचे नाव कार्डावर नसणारच, म्हणून जन्माचा दाखला आणि आईवडिलांची कागदपत्रे बरोबर ठेवा आणि सरकारी रुग्णालयाचे रेफरल पत्र लागते काय, ते त्यालाच विचारा. महाराष्ट्र शासनानेही २०२३ साली महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. परंतु औषधाच्या धारेवर असलेल्या बाळाला केवळ योजनेसाठी सीमेपलीकडे हलवण्याचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. हलवावेच लागले, तर व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका, सोबत डॉक्टर आणि पोहोचण्यापूर्वी निश्चित झालेली खाट, या तिन्ही गोष्टी हव्यात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : नंदगडचा मामा (१३ दिवसांनंतर)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच रात्री मी सर्व उत्तरे भाऊजींच्या वडिलांना वाचून दाखवली. पाटाच्या मोरीचा दाखला त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला आणि सकाळी ते स्वतः बहिणीला घेऊन बेळगावला आले. कमान चांगली रुंद निघाली, पडद्याला छिद्र नव्हते. झडप मात्र दोन पाकळ्यांची आहे. शस्त्रक्रिया १८ व्या दिवशी बेळगावातच झाली आणि चिमटे १९ मिनिटे होते, असे शल्यचिकित्सकांनी बाहेर येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. दोन्ही पाय हलवतो, आवाज थोडा घोगरा आहे. दाब दोन दिवस वाढलेला होता, तेव्हा सिस्टरबाईंचे लिहिलेले आठवून आम्ही घाबरलो नाही. काल घरी सोडले. सोडताना उजव्या हाताचा दाब ८४ आणि पायाचा ८६ होता.

एक अडचण उरली आहे. पायाचा दाब पाहत राहायचे, हे चिकोडीच्या ताईंमुळे पक्के ध्यानात आहे; पण आज आमच्या भागातील दवाखान्यात गेलो, तर तेथे मोठ्या माणसांचाच पट्टा निघाला आणि तो बाळाच्या मांडीला दोन वेळा गुंडाळावा लागला. त्यावर आलेला आकडा धरावा काय?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, निपाणी परिसर

धरू नये. मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो आणि फार अरुंद पट्टा वाढवून दाखवतो. पट्ट्यातील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या किंवा पायाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. अर्भकांसाठीचे पट्टे वेगळे मिळतात. असा एक पट्टा आपणच विकत घेऊन तपासणीला जाताना सोबत नेणे, हा खेड्यातील कुटुंबासाठी मला सर्वांत सोयीचा उपाय वाटतो, मात्र तो दवाखान्यातील यंत्राला जोडता येतो ना, हे आधी पाहून घ्या. बाळ झोपलेले किंवा शांत असताना आधी उजवा हात आणि लगेच पोटरी, असा दाब घ्यायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसह लसीकरणाच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. डाव्या हाताची धमनी जोडाच्या अगदी जवळून निघते, म्हणून तुलनेसाठी उजवाच हात धरतात. पायाचा दाब हाताइतका किंवा किंचित अधिक असला पाहिजे. हाताचा दाब पायापेक्षा २० किंवा त्याहून अधिक दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता एको करून घ्या. पहिल्या वर्षात जागा पुन्हा अरुंद होण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, म्हणून आपल्या शल्यचिकित्सकांनी दिलेली पहिली तारीख पावसामुळेही चुकवू नका. जांबोटीकडचा रस्ता बंद असेल, तर दुसऱ्या वाटेने या, पण या.